आबांची चंची आणि दिल्लीचे विमान

माघ संपत आला होता. हरभरा काढणीला आला होता आणि गव्हाच्या ओंब्या पिवळ्या पडू लागल्या होत्या. आबांच्या शिवारात गव्हाचा बियाण्याचा प्लॉट पाहायला मी गेलो, तर आबा पिकाविषयी एक शब्दही बोलेनात. बांधावर उकिडवे बसून त्यांनी चंची सोडली, अडकित्त्याने सुपारी कातरली आणि खाली बघत म्हणाले, "साहेब, पोरानं इमानाची तिकिटं धाडल्यात."

आबांचा मुलगा दिल्लीला नोकरीस आहे. सुनेचे दिवस भरत आलेले. डॉक्टरांनी तिला पूर्ण विश्रांती सांगितलेली आणि घरात तीन वर्षांची पोर. सासूने तातडीने जाणे भाग होते. पण आत्यांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झालेले. आगगाडीत एक दिवस आणि एक रात्र बसून राहणे त्यांना झेपणारे नव्हते. दिल्लीच्या पुसा येथील कृषी मेळ्यासाठी मीही त्याच आठवड्यात जाणार होतो. म्हणून मुलाने माझ्याशी बोलून तिघांची तिकिटे एकाच विमानाची काढली.

"तुमी तिला घिऊन जावा. मी ऱ्हातो. जनावरं कोण बघंल?" आबा म्हणाले.

जनावरे बघायला दोन पुतणे होते. खरे कारण वेगळे आहे हे मला कळले, पण त्या वेळी मी बोललो नाही.

खेड्यात बातमी लपत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आबांच्या पडवीत दहा-पंधरा माणसे जमली. मी विस्तार कार्यात तीस वर्षे घालवली आहेत. गावोगाव सभा घेतल्या, पण इतक्या शंका एका बैठकीत कधी ऐकल्या नव्हत्या.

पहिली शंका अर्थातच सर्वांच्या मनातली. "वर गेल्यावर इंजिन बंद पडलं तर?"

मी सांगितले, प्रवासी विमानाला बहुधा दोन इंजिने असतात आणि एक बंद पडले तरी दुसऱ्यावर ते उडत राहून जवळच्या विमानतळावर उतरू शकते. दोन्ही बंद पडली, असे क्वचितच घडते, तरीही विमान दगडासारखे खाली येत नाही. आपली घार पंख न हलवता शिवारावरून तरंगत जाते, तसे ते तरंगत खाली येते. दहा किलोमीटर उंचीवर असले तर शंभर किलोमीटरहून अधिक अंतर ते असे कापू शकते.

"आन् त्या इंजिनात घारच घुसली तर?" एका तरुणाने विचारले. शंका अगदी रास्त होती. पक्ष्यांची भीती विमान कंपन्यांनाही असते. म्हणूनच विमानतळापासून दहा किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरे कापायला आणि घाण-कचरा टाकायला कायद्याने बंदी आहे. विमानतळाजवळच्या गावांनी मेलेले ढोर उघड्यावर टाकू नये ते यासाठीच. त्यावर गिधाडे नसली तरी घारी आणि कावळे जमतात.

मग एका म्हाताऱ्या गृहस्थाने हळूच विचारले, "वर संडासाला गेलं तर ते खाली कुणाच्या डोक्यावर पडतं?" सगळे हसले. पण हे विचारायचे पुष्कळांच्या मनात होते. ते कोठेही पडत नाही. विमानाच्या पोटात टाकी असते, तीत हवेच्या ओढीने सारे खेचले जाते आणि खाली उतरल्यावर टाकी रिकामी करतात. ओढीचा आवाज मोठा होतो, त्याने दचकू नये.

बायकांच्या शंका सामानाच्या होत्या. आत्यांनी बाळंतिणीसाठी काय काय बांधले होते! तूप, डिंक, मेथ्या, लसणीची चटणी, मिरचीचे लोणचे आणि दोन किलो सुके खोबरे. मी सांगितले की सामान दोन प्रकारचे. एक मोठी बॅग, जी काउंटरवर वजन करून विमानाच्या पोटात जाते. देशातल्या प्रवासाला ती बहुधा १५ किलोपर्यंत चालते. दुसरी हातातली पिशवी, साधारण ७ किलोची. नक्की आकडा तिकिटावर बघावा. जास्त वजनाला जादा पैसे पडतात, म्हणून घरच्या काट्यावर तोलूनच निघावे. तूप, लोणचे, चटणी, मसाला मोठ्या बॅगेत घालावा आणि डब्याचे झाकण चिकटपट्टीने पक्के करावे. भाकरी, दशम्या, लाडू हातात चालतात. औषधे मात्र नेहमी हातातच ठेवावीत. काडेपेटी आणि लायटर घरीच ठेवावा.

"खोबरं काढून ठेवा," मी म्हणालो. आत्या नाराज झाल्या. "खोबऱ्यानं काय बिघडतंय?"

याला कारण आहे. ओलसर कडबा गंजीला लावला तर आतून तापतो आणि कधीकधी गंजी आपोआप पेटते, हे आपण जाणतो. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर. कोंदट जागी ते हळूहळू तापू शकते. म्हणून सुके खोबरे आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या मालात धरले जाते आणि प्रवाशाला ते विमानातून नेता येत नाही. मोबाईल चार्ज करायच्या पॉवर बँकेचा नियमही आगीसाठीच, पण उलटा. ती मोठ्या बॅगेत घालायची नाही, हातातच ठेवायची. तिने पेट घेतला तर माणसांच्या डोळ्यांसमोर विझवता येते. विमानाच्या पोटात कोण बघणार?

एका प्रगतिशील शेतकऱ्याने विचारले, "परदेशात गेलो तर तिथलं चांगलं बी खिशात घालून आणावं का?" मी म्हणालो, मुळीच नाही. परवानगी आणि तपासणीशिवाय बी, रोप, माती आणायला बंदी आहे. काँग्रेस गवत आठवा. गेल्या शतकात १९५०च्या दशकात ते प्रथम पुण्यात दिसले. परदेशी गव्हाबरोबर आले असे मानतात. कोणी ते हौसेने पेरले नव्हते. आज ते आपल्या प्रत्येक बांधावर आहे.

रात्री सगळे पांगले. आबा आणि मी ओट्यावर राहिलो. बराच वेळ गप्प राहून आबा म्हणाले, "साहेब, मरायचं भ्या न्हाई. सत्तरी गाठली. पर तिथं काय करायचं ते कळलं न्हाई, तर लोकं हसत्याल. तिच्यासमोर, सगळ्यांसमोर."

तेव्हा मी त्यांना माझी गोष्ट सांगितली. कित्येक वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणाहून मी विमानाने परत येत होतो. माझा तो दुसराच विमानप्रवास. आतल्या दाराचा नंबर पासवर पाहिला आणि त्या दारासमोर वर्तमानपत्र वाचत बसलो. आजूबाजूची माणसे उठून गेली, नवी आली. मला शंका आली, पण उठून विचारायची लाज वाटली. अंगात कोट, हातात बॅग, मी बी.एस्सी. झालेला अधिकारी. विचारले तर काय म्हणतील? विचारले तेव्हा विमान सुटून दहा मिनिटे झाली होती. दार बदलले होते आणि फलकावर तसे लिहिलेही होते. दुसऱ्या दिवशीच्या विमानासाठी जवळजवळ महिन्याचा पगार मोजावा लागला. घरी मी सांगितले, विमान रद्द झाले.

आबा कितीतरी वेळ हसले. मग म्हणाले, "येतो मी." आणि उठता उठता विचारले, "चंची चालती का?"

"चालते की," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारीच आम्ही पुण्यात पोहोचलो. लोहगावचा तळ १९३९ साली ब्रिटिशांनी लढाऊ विमानांसाठी केला. आजही धावपट्टी हवाई दलाची आहे आणि प्रवासी विमाने तीच वापरतात. म्हणून तेथे धावपट्टीचे, विमानांचे फोटो काढत बसू नये. प्रवाशांसाठी नवी इमारत जुलै २०२४ पासून सुरू आहे.

देशातल्या प्रवासाला निदान दोन तास आधी पोहोचावे. सुटण्याच्या सुमारे तासभर आधी काउंटर बंद होते, मग कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग नसतो. आम्ही तर तीन तास आधीच दारात उभे होतो. दारावर जवान तिकीट आणि ओळखपत्र पाहतो. आधार, मतदार कार्ड, वाहनाचा परवाना यांपैकी काहीही चालते, पण नाव तिकिटावरच्या नावाशी जुळले पाहिजे. आपल्याकडे हाक सरूबाई, आधारवर सरस्वती आणि बँकेच्या पुस्तकावर माहेरचे नाव, असा प्रकार असतो. आबांच्या मुलाने शहाणपणा केला होता. आईच्या आधारचा फोटो मागवून त्यावरून अक्षर न् अक्षर नाव घातले होते.

त्याने तिकीट काढतानाच आईसाठी चाकांची खुर्चीही सांगून ठेवली होती. आत्या आधी बसेनात. "मी काय आजारी हाय?" पण विमानतळावर चालणे पुष्कळ, आणि सरकत्या जिन्यावर नऊवारी सांभाळत पाय टाकणे अवघड. बसल्या. खुर्ची ढकलणारा मुलगा मराठवाड्यातला निघाला. दोन मिनिटांत त्याच्या गावचा पाऊस, कापूस आणि त्याच्या आईचा गुडघा, सारे निघाले.

काउंटरवर मोठी बॅग गेली. तिच्या चिठ्ठीचा तुकडा मिळाला, तो जपून ठेवायचा असतो. आबांनी बॅगेच्या मुठीला लाल चिंधी बांधली होती. बाजारात आपण पोत्याला खूण करतो तशी.

मग सुरक्षा तपासणी आली. येथे पिशव्या एका यंत्रातून जातात आणि माणसे दुसऱ्या चौकटीतून. बायकांची तपासणी बायकाच करतात आणि आडोशात करतात. मंगळसूत्र, जोडवी काढावी लागतील या धास्तीने आत्या आल्या होत्या, तसे काही झाले नाही. गुडघ्यातल्या धातूने यंत्र वाजले, पण त्यांनी आधीच "गुडघा" म्हणून हात लावून दाखवला होता. हृदयाला यंत्र बसवलेले असेल तर तेही आधी सांगावे, डॉक्टरांचा कागद जवळ ठेवावा.

आत्या सुटल्या. अडकले आबा.

त्यांची पिशवी बाजूला निघाली. जवानाने तीतून चंची काढली, सोडली आणि अडकित्ता वर धरला. पितळी मुठीचा, वापरून गुळगुळीत झालेला, आबांच्या वडिलांचा. "बाबा, ये नहीं जाएगा."

आबांचा चेहरा उतरला. मागे रांग उभी. कोणीतरी चुकचुकले. ज्याला ते भीत होते नेमके तेच घडले होते, आणि चूक त्यांची नव्हती. त्यांनी विचारले होते. "चंची चालती का?" आणि मी, चंचीत काय असते हे पुरते ठाऊक असलेला माणूस, न ऐकताच "चालते की" म्हणालो होतो. संध्याकाळी मी सुरी, कात्री, विळा, खुरपे सगळे सांगितले होते. पण अडकित्त्याला आबा हत्यार समजतच नव्हते. तो त्यांच्या हाताचाच भाग होता. आमच्या खात्याच्या पत्रकांचे कितीदा असेच होते. आम्ही आमच्या शब्दांत सांगतो, शेतकरी त्याच्या शब्दांत विचारतो, आणि मधल्या फटीतून पीक जाते.

माझ्या तोंडून शब्द फुटेना. आबाच पुढे झाले. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, "साहेब, ये मेरे बाप का है. इसका क्या करना, आप बताओ."

जवान क्षणभर थांबला. तो राजस्थानातल्या एका खेड्यातला होता. म्हणाला, त्याच्या घरीही आजोबांचा सरोता आहे. हातातून नेता येणार नाही, पण अजून वेळ आहे, मागे जाऊन काउंटरवर देता येईल. मोठी बॅग तर गेलेली. मी माझी कापडी पिशवी रिकामी केली, अडकित्ता टॉवेलात गुंडाळला, पिशवीचे तोंड सुतळीने बांधले. काउंटरवरच्या मुलीने ती तोलली आणि चिठ्ठी लावून पाठवून दिली. तीन तास आधी आलो होतो म्हणून हे साधले. उशिरा आलो असतो तर बापाची खूण तेथल्या पेटीत टाकून जावे लागले असते.

बऱ्याच मोठ्या विमानतळांवर आता भोंग्यावरून पुकारा करीत नाहीत. फलक बघत राहावे लागते. ते काम आबांनी अंगावर घेतले. दर दहा मिनिटांनी उठून ते दाराचा नंबर ताडून येत. माझी गोष्ट त्यांनी चांगलीच मनावर घेतली होती.

विमानात पट्टा कसा लावायचा, दारे कोठे आहेत हे कर्मचारी करून दाखवतात. तेव्हा गप्पा मारू नयेत. हवेचा दाब कमी झाला तर वरून नळीचा मुखवटा खाली येतो. तो आधी स्वतःला लावा, मग लेकराला, असे सांगतात. आत्यांना हे पटेना. "कंची आय आदी सोताचं बघंल?" मी सांगितले, तितक्या उंचीवर हवा इतकी विरळ असते की माणसाची शुद्ध अर्ध्या-एक मिनिटात जाऊ शकते. आईच शुद्धीवर नसेल तर लेकराला कोण लावणार? यावर त्या काही बोलल्या नाहीत. मान मात्र हलवली.

विमान धावपट्टीवर ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास वेग घेते आणि उचलते. पोटात जत्रेतल्या पाळण्यासारखे होते. कानाला दडे बसतात, तेव्हा गिळत राहावे, काहीतरी चघळावे. तान्ह्या मुलाला अंगावर पाजावे. आतली हवा यंत्राने दाबून ठेवलेली असते, तरी ती आपल्या कळसूबाईच्या माथ्यावरच्या हवेपेक्षाही थोडी विरळच असते. म्हणून दम्याच्या वा हृदयाच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारून जावे. गरोदर बाईनेही सातव्या-आठव्या महिन्यानंतर कंपनीचा नियम आणि डॉक्टरांचा दाखला दोन्ही बघावे.

आबांना खिडकी मिळाली होती. दहा मिनिटे त्यांनी डोळे मिटलेले होते. मग उघडले ते दिल्लीपर्यंत मिटले नाहीत. खाली शेततळी निळ्या चौकोनी तुकड्यांसारखी चमकत होती. डोंगरउतारावरचे समपातळी चर ओळीने दिसत होते. "साहेब, पाणी कुठं अडवायचं ते हितनं कळतंय," आबा म्हणाले. एवढे चांगले पाणलोटाचे व्याख्यान मला कधी जमले नाही. सातपुडा ओलांडला, नर्मदेचा पट्टा दिसला. मध्येच ढगांत विमान हादरू लागले, तेव्हा आबांनी माझा हात धरला. चाकोरीतून बैलगाडी चालते तसे हे आहे, मी म्हणालो. हवेलाही खाचखळगे असतात. पंख हलताना दिसतात ते मुद्दामच लवचिक केलेले असतात. म्हणून बसल्या जागी पट्टा बांधूनच ठेवावा. हात मात्र आबांनी ढग संपेपर्यंत सोडला नाही.

दोन तासांत दिल्ली. खाली उतरताना हिरवेगार गहू आणि मधूनमधून पिवळी मोहरी. "हितं गहू अजून हिरवा!" आबांनी सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले. थंडी जास्त दिवस टिकते, म्हणून तेथला गहू चैत्र-वैशाखात निघतो.

पट्ट्यावरून शेकडो सारख्या बॅगा फिरत आल्या. लाल चिंधी लांबूनच दिसली. मागून कापडी पिशवी आली. आबांनी तेथेच सुतळी सोडली, अडकित्ता उघडमीट करून पाहिला आणि मग बाहेर मुलाकडे निघाले.

तीन दिवसांनी मी पुसाहून परतलो. सुनेला मुलगा झाला. आबा आणि आत्या महिनाभर राहिले. परतीच्या दिवशी ती दोघे एकटीच येणार होती आणि मी ऑफिसात घड्याळाकडे बघत होतो. संध्याकाळी आबांचा लोहगावहून फोन आला.

"पोचलो साहेब. दिल्लीत दार बदललं हुतं. आमच्या शेजारी एक कोट घातलेला बाबा पेपर वाचत बसल्याला. त्येलाबी उठवून संगं आणला."

"आणि अडकित्ता?"

"मोठ्या ब्यागेत. सोता घातला. तुमास्नी न्हाई इचारलं."

वाचकहो, आपल्या घरातले कोणी ना कोणी आता लांब राहते. मुलगी परराज्यात दिली असते, मुलगा परदेशात असतो. केव्हा ना केव्हा बोलावणे येतेच, कधी बारशाचे, कधी दवाखान्याचे. त्या वेळी "आपल्याला ते जमायचं नाही" म्हणून घरी बसू नका. नियम थोडे आहेत आणि ते कळण्यासारखे आहेत. नवा माणूस बाजार समितीत आला तर त्याला अडत्याचा गाळा आपण दाखवतोच. विमानतळावरही कोणीतरी दाखवतो. विचारणाऱ्याने लाजू नये, आणि सांगणाऱ्याने आधी नीट ऐकावे. हे दुसरे मी आबांच्या चंचीपासून शिकलो.